दोन घावांची खूण

मित्रांनो, मी जुना आहे असे म्हटले तर ते फारच कमी सांगितल्यासारखे होईल. ज्या डोंगराला तुम्ही जुना म्हणता, तो उभा राहिला त्याच्याही आधीपासून मी आहे. मी एक दगड आहे. दीड वीत जाड, दोन हात लांब आणि एका टोकाला फुटलेला. सध्या एका लहानशा संग्रहालयात, खिडकीजवळच्या लोखंडी टेबलावर असतो. माझ्यापुढे एक पाटी आहे. तिच्यावर माझ्याविषयी चार ओळी आहेत आणि त्यांतल्या दोन खोट्या आहेत. त्या खोट्या ओळी तिथे कशा आल्या, तेच मला सांगायचे आहे.

पण आधी माझा स्वतःचा गुन्हा सांगतो, म्हणजे दुसऱ्याविषयी बोलायला तोंड राहील.

मी मुळात दगड नव्हतो, वाळू होतो. एका उथळ समुद्राच्या काठाला पडलेला असे. लाटा मला पुढे ढकलत आणि मागे ओढत. काठापासून आत, जरा खोल पाण्यात, मऊ चिखलाचा तळ होता. रोजच्या लाटांचा हात त्या तळापर्यंत पोचत नसे. म्हणून तिथे शांतता होती, आणि शांतता होती म्हणून वस्ती होती. कुणी गांडुळासारखे लांब, कुणी शिंपल्यात राहणारे, कुणी बारीक पायांचे. कुणी चिखल खात खात वळणे घेत जाई, कुणी आडवे बीळ करून पडून राही. त्यांची नावे मला ठाऊक नाहीत. त्यांची हाडेही सापडणार नाहीत, कारण बहुतेकांना हाडेच नव्हती. त्यांच्या येण्याजाण्याच्या वाटा तेवढ्या उरल्या आहेत.

मग एके दिवशी वादळ आले. रोजची लाट वरवर खेळते, पण वादळाची लाट तळाला हात घालते. तिने चिखल खरवडला, बिळांची छपरे उडवली आणि मला काठावरून उचलून त्या वस्तीवर ओतले. आधी शिंपल्यांचे जड तुकडे पडले, मग जाडी वाळू, मग बारीक. मी उघड्या बिळांत शिरलो, खरवडलेल्या चरांत बसलो. काही तासांत सगळे बुजले. माझ्या खालच्या अंगावर बोटांएवढे लांबट फुगवटे आहेत, ती म्हणजे मी भरून टाकलेली घरे. बघणारे त्याला नक्षी म्हणतात. मी कधी म्हणालो नाही.

त्या सगळ्यांत एकच जीव सुटला. तो माझ्या आतून वर चढू लागला. वरून वाळू पडतच होती. तो थोडा वर सरके, त्याच्याखाली वाळू ढासळे, आणि त्याच्या वाटेत माझे थर वाटीसारखे खाली दबत. पुन्हा सरके, पुन्हा एक वाटी. शेवटी तो माझ्या वरच्या अंगातून बाहेर पडला, गढूळ पाण्यात जरा थांबला आणि निघून गेला. त्याची ती वाट अजून माझ्या पोटात आहे, एकावर एक रचलेल्या वाट्यांसारखी. एवढे जीव मी गाडले, पण तो एक सुटला. इतकी युगे मी त्या आधारावर काढली.

पुढे पाणी निवळले. नवे जीव आले, त्यांनी माझ्या वरच्या अंगात सरळ उभी भोके पाडून घरे केली. मग माझ्यावर चिखल बसला, मग दुसरे वादळ, मग आणखी चिखल. भार वाढत गेला आणि मी दगड झालो. समुद्र कधी निघून गेला ते मला कळलेही नाही. मला जाग आली ती पहारीच्या आवाजाने.

ती दगडांची खाण होती. तिथे दोन भाऊ काम करत. थोरला पाथरवट तिशीतला, आणि धाकटा त्याच्याहून आठ वर्षांनी लहान. त्या खाणीची एक रीत होती. दगड जमिनीत जसा निजला असेल तसाच तो भिंतीत किंवा पायरीत बसवायचा, नाहीतर तो पापुद्रे सोडतो. पण एकदा जागचा हलला की त्याचे वर कोणते आणि खाली कोणते, हे गवंड्याला कसे कळणार? म्हणून दगड जागेवर असतानाच पाथरवट त्याच्या वरच्या अंगावर, उजव्या कोपऱ्यात, छिन्नीचे दोन घाव मारी. आधी खूण, मग पाचर, मग पहार. हा क्रम कुणी मोडत नसे. आणि थोरल्याच्या खुणेचा तर असा लौकिक होता की गवंडी दगडाकडे न बघता नुसता कोपरा चाचपत.

आमच्या थराला तिथे किडका दगड म्हणत. ते फुगवटे म्हणजे कीड. दगड टणक, पण दिसायला ओंगळ, म्हणून आम्ही पायऱ्यांना जायचो. "कीड नेहमी खालच्या अंगाला," हे थोरल्यानेच सगळ्यांना शिकवले होते.

त्या दिवशी ट्रक उभा होता आणि मुकादम वरून सारखा ओरडत होता.

"अरे, दगड काढताय की बाळंतपण करताय? गाडी उभी आहे!"

"धाकट्या, मार पाचर," थोरला म्हणाला.

"दादा, खूण राहिली की."

"उठल्यावर मारतो. दगड काय पळून चाललाय?"

"मग वर कुठलं ते कोण सांगणार तुला?"

"मला दगड सांगतो. तू पाचर मार, शहाणपणा नंतर कर."

धाकट्याने पाचर मारली. थोरल्याने पहार घालून मला उचलले. आता धाकट्याने माझ्याखाली टेकू सरकवायचा, हात बाहेर काढायचा आणि "सोड" म्हणून ओरडायचे, आणि मगच थोरल्याने पहार काढायची, असे ठरलेले होते. मुकादमाने पुन्हा हाक मारली. थोरल्याने वर बघितले आणि पहार काढली. "सोड" कुणी म्हटलेच नव्हते.

मी घसरलो, क्षणभर कडेवर उभा राहिलो आणि पलीकडच्या अंगाला पालथा पडलो. धाकट्याच्या उजव्या हाताची तीन बोटे माझ्या कडेखाली गेली. वाळू असताना मी घरे घेतली होती, दगड झाल्यावर बोटे घेतली. दोन्ही वेळा हलवणारा हात दुसऱ्याचा होता. पण वजन माझेच होते, हे मी नाकारत नाही.

धाकट्याला उचलून नेले. थोड्या वेळाने थोरला एकटाच परत आला. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. करायला काही सुचेना तेव्हा माणसाचे हात सवयीचे काम करतात, तसे त्याच्या हातांनी छिन्नी उचलली आणि समोर जे अंग होते त्याच्या उजव्या कोपऱ्यात एक घाव मारला, आणि दुसरा. दुसरा घाव मारताना त्याचा डावा तळवा माझ्यावर टेकला होता. त्याला फुगवटे लागले. कीड वर होती. त्याला कळले. पण मारलेला घाव परत घेता येत नाही.

इतकीच गोष्ट असती, तर ती नुसती चूक होती. मित्रांनो, चुकीबद्दल मी कुणाला बोललो नसतो. पण तेवढ्यात मुकादम आला.

"मला वर कळवायचंय, तेव्हा नीट सांग," तो म्हणाला. "दगड सरळ उठला असेल, तर धाकट्यानं उगीच हात घातला. पलटला असेल, तर टेकू बसायच्या आत तू पहार काढलीस. काय झालं?"

थोरल्याने त्या दोन घावांकडे बघितले. मला वाटते, घाव मारताना त्याच्या मनात खोटे नव्हते. ते तिथे, त्या क्षणी आले.

"सरळ उठला," तो म्हणाला. "खूण बघा की."

मुकादमाने कोपरा चाचपला आणि मान हलवली. कागदावर 'स्वतःचा बेफिकीरपणा' असे लिहिले गेले. बेफिकीर कामगाराला खाणीच्या चाळीत खोली मिळत नसे. आठवड्याभरात धाकट्याला बायकोसकट खोली सोडावी लागली.

जाण्याआधी तो आपली हत्यारे घ्यायला आला. हाताला भलेमोठे बँडेज होते. मी तिथेच पडून होतो. त्याने खूण बघितली.

"दादा, हे काय?"

"काय, काय?"

"उलटा आहे तो."

"माझी खूण कधी चुकली आहे?"

धाकट्याने खुणेवरून डावा अंगठा फिरवला. मग म्हणाला, "नाही. कधीच नाही." त्याने आपली छिन्नी उचलली, जराशी तोलली आणि माझ्यावरच ठेवून दिली. "ही राहू दे तुला. मी आता काय करू हिचं?"

त्यानंतर ते दोघे एकमेकांशी बोलले नाहीत.

मला एका शाळेची पायरी म्हणून बसवले. गवंड्याने खुणेवर भरवसा ठेवला आणि कीड वर केली. माझे खरे वरचे अंग, जिथे त्या नव्या जीवांची उभी घरे होती, ते खाली नीट बसावे म्हणून त्याने ठोकून ठोकून सपाट केले. ती घरे गेली. फुगवट्यांवरून मात्र कुणाचा पाय घसरत नसे, म्हणून हेडमास्तरांनी माझे कौतुक केले. माझ्या आयुष्यातले ते पहिले कौतुक, आणि तेही पालथे पडल्याबद्दल.

एका वर्षाने त्या शाळेत नवा शिपाई आला. डाव्या हाताने घंटा वाजवायचा. तो धाकटा होता. पायरी बघताच त्याने मला ओळखले. संध्याकाळी झाडू घेऊन आला आणि मला कोपऱ्यापर्यंत झाडून काढले.

पस्तीस वर्षे आम्ही एकत्र काढली. मुले त्याला सातबोटे मामा म्हणत. मधल्या सुट्टीत तो माझ्यावर बसे आणि मुले त्याला घेरत.

"मामा, सातचा पाढा म्हणा ना!"

"म्हणतो की. माझा तर हातावरच आहे."

"मामा, उरलेली तीन बोटं कुठं गेली?"

"ह्या पायरीनं खाल्ली. पाय उचलून चढा रे, अजून भूक आहे तिला."

मग मुले किंचाळत माझ्यावरून उड्या मारत. तो हसे. पण ज्या कोपऱ्यात ते दोन घाव होते, तिथे तो पस्तीस वर्षांत एकदाही बसला नाही. मुलांच्या पायांनी माझे फुगवटे झिजत गेले. त्या झिजण्याचे मला दुःख नाही. तेवढीच वर्षे मी कुणाच्या उपयोगी पडलो.

मग शाळा पाडायचे ठरले. तोडणाऱ्या यंत्राचा दात लागून माझा एक तुकडा उडाला आणि पोटातली ती वाट उघडी पडली. तिथे विज्ञानाच्या बाई उभ्या होत्या. सगळे आपापली कपाटे हलवण्यात गुंतले होते, आणि बाई मात्र पदर खोचून माझ्यापुढे ढिगाऱ्यात बसल्या.

"मामा, इकडे या," त्या ओरडल्या. "अहो, ही वादळाची वाळू आहे! आणि ह्यातून कुणीतरी चढत वर आलंय. पण हा दगड उलटा बसवलाय की काय?"

मामा म्हणाले, "मला काय कळतं, बाई. खूण आहे ना त्याच्यावर."

बाईंनी मला संग्रहालयात पोचवले. तिथले साहेब शिकलेले होते, वाईटही नव्हते. पण त्यांना कामाला पुरावा लागे. बाई म्हणाल्या, कीड खालच्या अंगाची असते. साहेब म्हणाले, झिजून एवढीशी उरलेली, तिच्यावरून काय ठरवता? बाई म्हणाल्या, शिंपले जड, ते आधी पडतात, आणि इथे ते वर आहेत. साहेब म्हणाले, वादळ ओसरतानाही एखादी लाट शिंपले आणते. दुसरे अंग तर ठोकून सपाट झालेले. शेवटी साहेबांनी माझ्या कोपऱ्यावर बोट ठेवले.

"ही पाथरवटाची वरची खूण. ती चुकीची आहे असं तो माणूस सांगू दे. लगेच दगड फिरवतो."

बाईंनी खाणीत चौकशी करून पाथरवटाला बोलावले आणि त्या दिवशी दोन भाऊ छत्तीस वर्षांनी एका छताखाली आले. थोरला आपल्या लेकीचा हात धरून आला होता. धूळ छातीत बसल्यामुळे त्याला दम लागत होता. धाकटा दाराशी उभा राहिला, उजवा हात खिशात घालून.

"काका, बसा ना," लेक म्हणाली.

"उभाच बरा आहे ग."

साहेबांनी विचारले, "आजोबा, ही खूण तुमची?"

"माझीच. असा घाव दुसऱ्या कुणाला जमतो?"

"ती कधी मारायची?" बाईंनी विचारले.

"आधी खूण, मग पाचर, मग पहार."

"आणि तुमच्या खाणीत कीड कुठल्या अंगाला असायची?"

"खालच्या."

"नेहमी?"

"नेहमीच."

"मग इथं वर कशी?"

थोरल्याने माझ्यावर तळवा ठेवला. मला तो ओळखीचा होता. त्या दिवशीसारखाच तो फुगवट्यांवर टेकला होता.

"घाई नाही, आजोबा," साहेब म्हणाले. "घाईगर्दीत खूण चुकली असेल तर तसं सांगा. पाटी अजून लिहायचीच आहे."

"बाबा, सांगून टाका ना काय ते," लेक म्हणाली. "एका दगडाचं एवढं काय?"

तिला ठाऊक नव्हते, एका दगडाचे काय ते. खूण चुकली म्हणजे दगड पलटला होता. दगड पलटला म्हणजे पहार त्याने आधी काढली होती. म्हणजे तीन बोटे, एक खोली आणि भावाची छत्तीस वर्षे त्याच्या नावावर होती. दोन शब्दांचे काम होते. ऐकायला सगळे हजर होते.

"ह्या एका दगडाला कीड वर होती," थोरला म्हणाला. "सरळ उठला तो. माझी खूण चुकत नाही."

बाई दाराकडे वळल्या. "मामा, तुम्हीही होतात ना खाणीत?"

धाकट्याने खिशातून हात बाहेर काढला, पुढे आला आणि उरलेली दोन बोटे माझ्यावर ठेवली. मला वाटले, आता बोलेल.

"बाई, मी बेफिकीर माणूस आहे," तो म्हणाला. "तसं कागदावर लिहिलेलं आहे. बेफिकीर माणसाची साक्ष कशाला घेता?"

आणि तो चालू लागला. थोरल्याने हाक मारली, "धाकट्या!" तो थांबला नाही.

आठवड्याने पाटी आली. तिच्या शेवटच्या दोन ओळी अशा आहेत: 'वरच्या पृष्ठभागावर सागरी प्राण्यांच्या हालचालींचे उंचवटे दिसतात. मधली उभी खूण, वादळाच्या वेळी खाली खणत जाऊन तेथेच गाडल्या गेलेल्या प्राण्याची आहे.' बाईंनी ती वाचली, चष्मा काढला आणि पुन्हा त्या खोलीत आल्या नाहीत. पुढे निवृत्त होऊन दूर लेकाकडे राहायला गेल्या असे ऐकले.

सहा वर्षे गेली. एका दुपारी थोरला एकटाच आला. काठी टेकत, दर चार पावलांना थांबत. साहेबांची बदली झाली होती. खोलीत एक पहारेकरी खुर्चीत बसून पाय हलवत होता.

"हा दगड फिरवा," थोरला म्हणाला.

"कुणाच्या सांगण्यावरून?"

"माझ्या. खूण चुकली होती. मी पहार आधी काढली. त्यानं सोड म्हटलंच नव्हतं."

"कोणी म्हटलं नव्हतं?"

"धाकट्यानं. काल गेला तो."

पहारेकऱ्याचे पाय हलायचे थांबले. तो माणूस भला होता. त्याने स्टुलावरचा आपला डबा उचलला आणि म्हाताऱ्याला बसायला स्टूल दिले.

"आजोबा, वाईट झालं. पण पाटीचं काही असेल तर लेखी लागतं. अर्ज लिहून आणा."

"मला लिहिता येत नाही," थोरला म्हणाला. त्याने माझ्या कोपऱ्यातल्या त्या दोन घावांवर बोट ठेवले. "मला आयुष्यात एवढंच लिहिता आलं."

तो थोडा वेळ बसला आणि गेला. पुन्हा कधी आला नाही. पहारेकऱ्याने ती गोष्ट कुणाला सांगितली की नाही, मला माहीत नाही. पाटी मात्र आहे तशीच आहे.

मित्रांनो, दगडांची काळजी घ्या, जुन्या वस्तूंवर नावे कोरू नका, हे तुम्हाला इथे सगळेच सांगतात. ते बरोबरच आहे. मला मात्र दुसरे सांगायचे आहे. तुमच्या हातून चुकीची खूण पडेल. सगळ्यांच्याच हातून पडते. पण ज्याच्यावर तिचा भार पडला, तो ऐकायला आहे तोवर सांगा. तो गेल्यावर पहारेकऱ्याला सांगून काय उपयोग?

आणि एक काम माझे करा. इथे आलात की माझ्याकडे पाठ करून उभे राहा, पाय फाकवा, वाका आणि दोन पायांमधून माझ्या फुटलेल्या कडेकडे बघा. पहारेकरी ओरडेल. ओरडू द्या. तशा उलट्या डोळ्यांना मी सरळ दिसेन. मग त्या वाट्या नीट बघा, खालपासून एकेक. पाटीने त्या जीवाला गाडून टाकले आहे. पण तो वर गेला होता, मित्रांनो. मी तिथे होतो.